व्हायरल उतरलं, एको नॉर्मल आला, तरी धाप का लागते?

टेकडीकर

पावसाळा लागला की आमच्या टेकडीवाल्या ग्रुपात दर आठवड्याला कोणीतरी "व्हायरल झालंय, चार दिवस येत नाही" असा निरोप टाकतं. चार दिवसांनी माणूस हजर होतो, पण निम्म्या चढावर कमरेवर हात ठेवून उभा राहतो. घड्याळात ठोके १६५. घाबरून टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून आणतो. रिपोर्टवर "एलव्हीईएफ ६० टक्के, नो आरडब्ल्यूएमए, ट्रिव्हियल टीआर" (डावा कप्पा रक्त नीट ढकलतोय, कुठलीही भिंत मंद नाही, एका झडपेतून नगण्य गळती). डॉक्टर म्हणतात हृदय झकास आहे, जा. धाप मात्र तशीच. गेल्या दोन-तीन वर्षांत ही गोष्ट इतक्या जणांकडून ऐकली की म्हटलं एकदा धागा काढूनच टाकू.

मी डॉक्टर नाही. एको आणि ईसीजीच्या यंत्रांची देखभाल-दुरुस्ती हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे रिपोर्टवरचा आकडा तयार होताना अनेकदा शेजारी उभा असतो, आणि बोलायचंय ते तिथूनच.

डावा कप्पा पूर्ण भरलेला असताना त्यात साधारण १२० मिली रक्त असतं. एका ठोक्यात त्यातलं ७० मिली पुढे गेलं तर इजेक्शन फ्रॅक्शन झालं ५८ टक्के. हाच तो ईएफ. "माझं हार्ट साठ टक्केच चालतंय हो" म्हणून रडवेली झालेली माणसं मी लॅबच्या बाकावर पाहिली आहेत. १०० टक्के कोणाचंच नसतं. पुरुषांत ५२ आणि बायकांत ५४ च्या वर असलं की नॉर्मल धरतात.

आता हा आकडा येतो कसा ते बघा. नीट करायचं तर दोन वेगवेगळ्या कोनांतून कप्प्याची चित्रं थांबवायची, भरलेला असताना एकदा आणि आकसलेला असताना एकदा आतल्या कडेवरून ट्रॅकबॉलने रेघ फिरवायची, मग यंत्र घनफळ काढतं. गर्दीच्या लॅबमध्ये याला वेळ कुठे? अनुभवी डॉक्टर पडद्याकडे बघतात आणि टायपिस्टला सांगतात, "साठ लिही." यात फसवणूक काही नाही, अनुभवी डोळ्याचा अंदाज बहुधा बरोबरच असतो. पण त्यामुळे मागच्या वर्षी ६५ होता आणि आता ५८ आला म्हणून "तापाने हृदय सात टक्के गेलं" असा हिशेब करू नका. एकाच माणसाचा एको दोन जणांनी काढला तरी पाचेक टक्के इकडेतिकडे होतात. शिवाय तो काढतात डाव्या कुशीवर निवांत पडलेलं असताना. चढावर काय होतं हे तो कसा सांगणार?

काही ठिकाणी हल्ली स्ट्रेन (जीएलएस) पण देतात. यात ठोक्यागणिक स्नायूची लांबी किती टक्क्यांनी आखडते ते मोजतात. आकडा उणे असतो, उणे २० च्या आसपास चांगला, उणे १४ म्हणजे चौकशी करायला हवी. ईएफ घसरायच्या आधी स्ट्रेन घसरतो म्हणून त्याचं कौतुक आहे, आणि ते रास्त आहे. पण चित्र धूसर असेल, बीपी चढलेलं असेल किंवा यंत्राची कंपनी बदलली तरी हा आकडा हलतो. उणे १८ वर झोप उडवून घेऊ नये.

आता घबराटीचं मूळ. जुलै २०२० मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या विद्यापीठ रुग्णालयातून एक अभ्यास आला. कोविडमधून बऱ्या झालेल्या १०० जणांचा हृदयाचा एमआरआय केला, त्यात ७८ जणांत काही ना काही वेगळं दिसलं आणि ६० जणांत सूज अजून चालू असल्याच्या खुणा. यातले ६७ जण तर घरीच बरे झालेले. जगभर मथळे झाले. पुढे त्यांच्या आकडेमोडीतल्या चुका इतरांनी दाखवल्या, लेखकांनी दुरुस्ती छापली, मुख्य निष्कर्ष मात्र कायम ठेवला. दोनच महिन्यांत अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या २६ खेळाडूंपैकी ४ जणांत मायोकार्डायटिसच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज आल्याच्या खुणा सापडल्या. १५ टक्के! तिथल्या कॉलेज फुटबॉलचा हंगाम लांबण्याच्या चर्चेत हा विषय ऐन मध्यावर होता.

यानंतर जे झालं त्याचा तेवढा गाजावाजा झाला नाही. ओहायो स्टेट ज्यात खेळतं त्या बिग टेन नावाच्या क्रीडा गटातल्या १३ विद्यापीठांनी मिळून १,५९७ खेळाडूंचे एमआरआय केले. ३७ जणांत मायोकार्डायटिस, म्हणजे २.३ टक्के. नुसत्या हृदयाच्या लक्षणांवरून शोधत बसले असते तर त्यातले ५ हाती लागले असते. आणि माझ्या धंद्यातल्या माणसाला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट: कुठल्या विद्यापीठात प्रमाण शून्य, तर कुठे ७.६ टक्के. विषाणू एकच, वयं तीच. मग फरक कशाचा? बराचसा चित्र काढणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा असणार, असं माझं मत. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या ७८९ खेळाडूंची ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) आणि एकोने तपासणी झाली, त्यात सूज निघाली ५ जणांत.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. श्वसनमार्गाच्या विषाणूनंतर धाप लागणाऱ्या बहुतेकांचं हृदय रक्त नीट ढकलत असतं, दुखणं दुसरीकडे असतं. पण थोड्या लोकांत ते खरोखर हृदयातच असतं, आणि ते थोडे लोक पळायला सुटायच्या आधी सापडले पाहिजेत. नॉर्मल एकोचा कागद या दोन गटांना वेगळं करायला पुरत नाही. डॉक्टर मंडळींनी भर घालावी.

---

जुनाखोड

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या वेळी ताप आला की आठवडाभर पेज, मेतकूट-भात आणि अंथरूण. आता सकाळी गोळी, दुपारी मीटिंग, संध्याकाळी जिम. हृदयाने कोणाकोणाचं ऐकायचं?

---

आर्या_के

अगदी माझीच कथा लिहिलीत. वय ३४, नाशिकला शाळेत शिकवते. फेब्रुवारीत फ्लू झाला, स्वॅबमध्ये इन्फ्लुएंझा ए निघाला. ताप पाच दिवसांत गेला. पण आता जून उजाडला तरी फळ्यापाशी उभी राहिले की ठोके १२० च्या घरात, डोकं हलकं होतं, मुलांसमोर खुर्चीचा आधार घ्यावा लागतो. बसले की दहा मिनिटांत ८० वर. एको नॉर्मल, ईसीजीवर फक्त सायनस टॅकिकार्डिया, म्हणजे लय नॉर्मल पण वेग जास्त. मला सांगण्यात आलं, "टेन्शन घेऊ नका, योगा करा." टेन्शन मला हे असं झाल्यावर आलंय, आधी नव्हतं!

---

सातारी_पळपुटा

आयडीवर जाऊ नका, पळतो मी मनापासून. टेकडीकर म्हणतात त्या "थोड्या लोकां"तला मी.

साधा सर्दी-खोकला-ताप. ताप उतरल्यावर आठवडाभराने छातीत मधोमध दुखायला लागलं. आडवं झालं की जास्त, पुढे वाकून बसलं की कमी. वाटलं ॲसिडिटी, दोन दिवस जेलुसिल ढोसलं. तिसऱ्या रात्री पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा बायकोने ओढत नेलं. ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन वाढलेलं, अँजिओग्राफीत नळ्या स्वच्छ. एको? ईएफ ५५. म्हणजे नॉर्मलच की! एमआरआयमध्ये मात्र डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीत सूज आणि थोडा व्रण दिसला. मायोपेरिकार्डायटिस, म्हणजे हृदयाचा स्नायू आणि त्यावरचं आवरण दोन्हींना सूज.

हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तीन ते सहा महिने पळणं बंद. चालायला हरकत नाही, पण बोलताना धाप लागेल इतकं भरभर नाही. ऐन हिल मॅरेथॉनची तयारी चाललेली, जिवावर आलं. मग होल्टर (दिवसभर अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र) लावून, ट्रेडमिल करून, एमआरआय पुन्हा काढून हिरवा कंदील मिळाला. आता पळतो, घड्याळाशी भांडत नाही.

ज्यांना वाटतं की हे फक्त बेढब लोकांना होतं त्यांच्यासाठी: बायर्न म्युनिकचा फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस. जगातल्या वेगवान बॅकपैकी एक. जानेवारी २०२२ मध्ये कोविडनंतर मायोकार्डायटिस निघाला, एप्रिलमध्ये मैदानात परतला. बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा तेव्हाचा पिचर एदुआर्दो रॉड्रिगेझ २०२० चा अख्खा हंगाम याच कारणाने बाहेर बसला, पुढच्या वर्षी परत फेकायला आला.

---

विहंग

सगळे गोल गोल फिरताय. खरं कारण कोणी लिहीत नाही. लस!! गरब्यात, जिममध्ये पोरं पडतायत ती विषाणूने नाही.

---

मनस्विनी

आलंच. धाग्यावर न संपणारं भांडण जुंपायच्या आत लिहिते.

एमआरएनए लशींनंतर (फायझर, मॉडर्ना) तरुण मुलांमध्ये क्वचित मायोकार्डायटिस होतो हे खरं आहे आणि कोणी लपवलेलं नाही, दुसऱ्या डोसनंतर जास्त दिसतो हेही छापून आलंय. पण आपल्याकडे दंडात गेली ती मुख्यतः कोविशील्ड नाहीतर कोवॅक्सिन. दोन्ही एमआरएनए नाहीत. अमेरिकेतले आकडे उचलून इथे चिकटवता येणार नाहीत.

आपल्याकडचा अभ्यास आहे की. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंची ७२९ प्रकरणं घेतली आणि त्याच वयाच्या, त्याच भागातल्या २,९१६ जणांशी ताडून पाहिली. २०२३ मध्ये छापून आला. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या: आधी कोविडसाठी रुग्णालयात भरती झालेलं असणं, घराण्यात अचानक मृत्यू, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू किंवा अति जोराचा व्यायाम, नशेचे पदार्थ. लशीचे दोन डोस घेतलेल्यांत धोका कमी दिसला. त्याच सुमारास केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी गंभीर कोविड होऊन गेलेल्यांनी एक-दोन वर्षं अति श्रम टाळावेत असं जाहीर सांगितलं होतं, ते याच अभ्यासाच्या आधारावर.

---

विहंग

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

स्टेथोवाला

तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे, कार्डिओलॉजिस्ट नाही. इथे लिहिलेलं कुणाच्या तपासणीला पर्याय नाही, एवढं एकदा लिहून मोकळा होतो.

सातारीभाऊंची केस धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची. त्यांचा ईएफ नॉर्मल होता, आजार खरा होता. पकडला गेला तो लक्षणं, ईसीजी आणि ट्रोपोनिनवरून. मला चमकवणारी लक्षणं सांगतो. छातीत दुखणं, विशेषतः आडवं झाल्यावर किंवा श्रमाने. व्यायाम करताना शुद्ध हरपणं किंवा अंधारी. रात्री सपाट झोपता न येणं, उशा वाढवाव्या लागणं. पावलांवर सूज. अनियमित ठोके. यातलं एक जरी असलं तरी "व्हायरल वीकनेस" म्हणून घरी बसू नये, त्याच दिवशी ईसीजी आणि ट्रोपोनिन.

वेळेचं गणितही लक्षात घ्या. ट्रोपोनिन सूज ताजी असताना वाढतं. दोन महिन्यांनी ते नॉर्मल आलं याचा अर्थ तेव्हा काही झालंच नव्हतं असा होत नाही. एमआरआयमधली पाणी धरल्याची खूण काही आठवड्यांत विरते, व्रण असेल तर तो मागे राहतो. म्हणून उशिरा केलेला महागडा एमआरआय कधी कधी काहीच निकाल देत नाही, आणि पेशंट म्हणतो पैसे वाया गेले.

आता आर्याताई. तुमच्या वर्णनात "उभं राहिल्यावर" हा शब्द आला, आणि बहुतेक धागा तिथेच सुटतो. बोअरची मोटर ठणठणीत आहे पण टाकीतला फ्लोट बिघडल्याने ती उगाच चालू-बंद होते, तसला हा प्रकार वाटतो. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. स्वायत्त चेतासंस्था रक्तवाहिन्या आवळून ते वर ठेवते. विषाणूनंतर ही यंत्रणा काही जणांत ढिली पडते, मग हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. एको काढताना माणूस आडवा असतो, म्हणून एको सुंदर.

घरी एक तपासणी करता येते. सकाळी चहाच्या आधी, सोबत कोणीतरी हवं. दहा मिनिटं आडवं पडून ठोके आणि बीपी घ्या. मग भिंतीला खांदे टेकवून, टाचा भिंतीपासून थोड्या पुढे ठेवून शांत उभ्या राहा. न बोलता, न हलता. १, ३, ५ आणि १० मिनिटांनी दोन्ही आकडे लिहा. चक्कर आली तर लगेच बसा, हट्ट नको. ठोके ३० किंवा अधिक वाढले, बीपी पडलं नाही, आणि हा त्रास तीन महिन्यांहून जास्त असेल, तर पॉट्स नावाच्या प्रकाराचा (उभं राहिल्यावर ठोके भलतेच वाढणं) विचार करतात. १९ वर्षांपर्यंतच्या मुलांत ४० ची वाढ धरतात.

पण त्याआधी! हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडची तपासणी). आमच्याकडे धडधड घेऊन आलेल्या बायकांमध्ये हिमोग्लोबिन ८ निघणं हे रोजचं आहे. पॉट्स पॉट्स करत इंटरनेट पालथं घालायचं आणि लोहाची गोळी राहून जायची.

अवांतर: हे काही कोविडने आणलेलं नवीन फॅड नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांवर जेकब डा कोस्टा या डॉक्टरने १८७१ मध्ये "चिडखोर हृदय" म्हणून मोठा निबंध लिहिला. धडधड, धाप, छातीत दुखणं, आणि तपासलं तर हृदयात दोष नाही. त्यातल्या काही जणांचा त्रास तापाच्या आजारानंतर सुरू झाला होता. तेव्हाही वरिष्ठ म्हणत, कामचुकारपणा करतायत.

---

टेकडीकर

डॉक्टर, _/\_ . "रात्री उशा वाढवाव्या लागणं" हे ठळक करून ठेवावं असं आहे.

एक भर घालतो, ठोक्यांवरची. मनगटी घड्याळं वापरणाऱ्यांचा अमेरिकेत एक अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापला. कोविड झालेल्यांचे विश्रांतीतले ठोके आधीच्या पातळीवर यायला सरासरी ७९ दिवस लागले. झोप आणि पावलं त्याच्या कितीतरी आधी पूर्ववत झाली होती. म्हणजे माणसाला "बरा झालो" वाटतं, कामाला लागतो, आणि ठोके मात्र अजून वरच. हे आजारपण धरण्यापेक्षा सावरण्याचा भाग धरावा.

दुसरं म्हणजे नुसतं पडून राहणं. १९६६ मध्ये डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. श्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची क्षमता सरासरी पाव हिश्श्याहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर वयाच्या तीस वर्षांनी झालेली घसरण त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी होती! विषाणू नसतानाची ही गत. तेव्हा आठवडाभर ताप आणि त्यानंतर पंधरा दिवस सोफा यानंतर चढावर धाप लागली तर ती लागणारच.

---

सातारी_पळपुटा

मग जुनाखोडकाका म्हणतात ती पेज आणि अंथरूण चूक का?

---

स्टेथोवाला

तापात नाही. ताप, अंगदुखी, छातीत कफ असेपर्यंत व्यायाम बंद म्हणजे बंद. १९७० मध्ये कॉक्ससॅकी विषाणू टोचलेल्या उंदरांना पोहायला लावून पाहिलं होतं; पोहणाऱ्यांच्या हृदयात विषाणू कितीतरी पट वाढला आणि जास्त उंदीर मेले. माणूस उंदीर नाही, मान्य. पण "घाम गाळला की ताप पळतो" म्हणून जिमला जाणारे माझ्याकडे येतात, तेव्हा मला ते उंदीरच आठवतात.

ताप जाऊन दोन-चार दिवस झाले, छातीची लक्षणं नाहीत, की घरात फिरणं, मग सोसायटीत फेऱ्या, मग चढ. काका निम्मे बरोबर आहेत.

---

टेम्सकाठची

लंडनहून. इथल्या इस्पितळांतल्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासाबद्दल लिहायला आले, कारण फ्रँकफर्टचा आकडा अजून व्हॉट्सॲपवर फिरतोय. सौम्य कोविड होऊन गेलेले ७४ आणि न झालेले ७५ जण, वय वगैरे जुळवून घेतलेले. सहा महिन्यांनी सगळ्यांचा एमआरआय. हृदयाची रचना, ईएफ, व्रण, सूज, कशातच दोन गटांत फरक नाही. महत्त्वाचं म्हणजे न झालेल्यांतही काही जणांत किरकोळ "दोष" सापडले. तुलनेला नीट गट नसेल तर असले दोष कोविडच्या नावावर चढतात.

पण एका गोष्टीवर मला थांबायचंय. "हळूहळू वाढवत न्या" हा सल्ला सगळ्यांना लागू नाही. माझी जाऊ इथे नर्स आहे. कोविडनंतर तिला थोडं चाललं तरी त्या दिवशी काही होत नसे, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मात्र ती अंथरुणातून उठू शकत नसे. घसा दुखणं, अंग मोडून येणं, डोक्यात धुकं. एको, होल्टर सगळं छान. फिजिओने नेटाने वाढवत नेलं आणि ती आणखी खाली गेली. श्रमानंतर उशिरा कोसळणं हे वेगळं लक्षण आहे, तिथे व्यायामाचा चढता तक्ता नुकसान करतो. उपचारांचं मार्गदर्शन ठरवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये एमई/सीएफएसच्या (दीर्घकाळ न हटणाऱ्या थकव्याचा आजार) मार्गदर्शनातून असा ठरावीक पद्धतीने वाढवत नेण्याचा व्यायाम काढून टाकला तो याच तक्रारींनंतर. तिला उपयोग झाला तो शक्ती जपून वापरण्याचा. पोळ्या बसून लाटायच्या, अंघोळ आणि केस धुणं वेगवेगळ्या दिवशी. ऐकायला क्षुल्लक वाटेल, तिच्यासाठी नव्हतं.

---

आर्या_के

डॉक्टर, केलं तुम्ही सांगितलं तसं. नवरा वही घेऊन समोर उभा.

आडवी असताना ठोके ७४, बीपी ११०/७०. उभी राहिल्यावर १ मिनिट: ९८. ३ मिनिटं: १०६. ५ मिनिटं: ११३, बीपी ११२/७८. १० मिनिटं: ११८, बीपी ११०/७६. हात गार, पावलं जांभळट झाली, मळमळलं. हिमोग्लोबिन १०.२ आलंय, फेरिटिन ९. टीएसएच ठीक. टेम्सकाठची यांनी लिहिलंय तसं दुसऱ्या दिवशी कोसळणं मला होत नाही.

---

स्टेथोवाला

वाढ ४४ ची, बीपी टिकलेलं, चार महिन्यांचा त्रास. ही वही घेऊनच डॉक्टरांकडे जा, "धडधडतं" एवढंच सांगू नका. आकडे पाहिले की समोरचा माणूस बसून ऐकतो.

पण आधी लोह. फेरिटिन ९ म्हणजे कोठार रिकामं आहे. नुसत्या त्यानेही ठोके वाढतात, त्यामुळे पॉट्सचा शिक्का त्याची भरपाई झाल्यावरच मारावा असं माझं मत. गोळी एक दिवसाआड चालते, लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा मध्ये दोन तास नको. डोस तुमचे डॉक्टर ठरवतील.

तोवर पाणी दिवसाला दोन-अडीच लिटर, त्यातले दोन मोठे पेले अंथरुणातून उठायच्या आधी. बीपी आणि किडनी ठीक असेल तर मीठ थोडं वाढवता येतं. तुमचं बीपी पाहता विचारून घ्या. घोट्यापुरते मोजे कुचकामी, कमरेपर्यंतचे घट्ट हवेत. नाशिकच्या उन्हाळ्यात ते घालायला सांगताना मलाच लाज वाटते, पण निदान पहिल्या तीन तासांना घाला. व्यायाम आडव्याने सुरू करा: पाठीवर पडून पाय उचलणं, पोहणं, मागे रेलून चालवायची सायकल. शाळेत उंच स्टूल मागून घ्या. ठोके कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, आयव्हाब्राडीन किंवा प्रोप्रानोलॉल, पण त्या डॉक्टरांनीच द्यायच्या, दम्याच्या पेशंटला दुसरी चालत नाही.

---

आर्या_के

स्टूल मागितलं तर मुख्याध्यापिका म्हणतील शिक्षिकेने बसून शिकवायचं नसतं. पण मागते. धन्यवाद, चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी आकडे विचारले.

---

मनस्विनी

+१. आणि चिठ्ठी घेऊन जा डॉक्टरांची, तोंडी नको.

---

कोकणी_माणूस

दापोलीहून. आमची आई, वय ७१, मधुमेह, आठ वर्षांपूर्वी एक स्टेंट. मागच्या पावसाळ्यात फ्लू झाला. तिला ना उभं राहून धडधड, ना छातीत दुखणं. पण खोकला गेल्यावरही जिना चढेना, आणि रात्री उठून बसायची. आम्ही म्हटलं वय झालं. इथल्या डॉक्टरांनी एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की वाढणारा रक्तातला घटक) करायला लावलं तर बरंच वाढलेलं, एकोत ईएफ ४०. आधी ५५ होता. हे फ्लूने झालं की व्हायचंच होतं?

---

स्टेथोवाला

माऊलींच्या बाबतीत दोन्ही थोडं थोडं असू शकतं. इथे धाग्याची दिशा बदलते. तरुणांत प्रश्न बहुधा फ्लोटचा, वयस्कर आणि आधीच हृदयरोग असलेल्यांत खरोखर मोटरचा.

कॅनडातल्या ऑन्टारियोचा २०१८ चा अभ्यास आहे. फ्लूची प्रयोगशाळेत खात्री झालेले आणि हार्ट ॲटॅकसाठी भरती झालेले लोक घेतले. फ्लू निघाल्यापासूनच्या पहिल्या सात दिवसांत ॲटॅकचं प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या काळापेक्षा सहापट. आठव्या दिवसापासून ती वाढ दिसली नाही. तापात ठोके वाढतात, रक्त गोठण्याकडे झुकतं, नळीतला जुना थर सुजून फुटू शकतो. मधुमेहात छातीत न दुखता ॲटॅक येऊन जातो, त्यामुळे त्या आठवड्यात एखादा मुका झटका आला होता का हे तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना थेट विचारा. भिंतीचा एखादाच भाग मंद असेल (रिपोर्टवर आरडब्ल्यूएमए) तर नळीचा संशय जास्त. सगळ्याच भिंती सारख्या मंद असतील तर स्नायूच्या सुजेचा.

ईएफ ४० वर औषधांचा चांगला परिणाम होतो, बऱ्याच जणांचा वर येतो. तो वर आला म्हणून गोळ्या बंद करू नका, ही चूक घरोघरी होते. रोज सकाळी शौचानंतर, नाश्त्याआधी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, फोन करा.

---

टेकडीकर

कोकणीभाऊ, यात एक तांत्रिक सूचना. पुढचा एको शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर काढा आणि "सिम्प्सनने मोजून द्या" असं सांगा, म्हणजे वर लिहिलेली रेघ फिरवून मोजायची पद्धत. ४० चा ४५ झाला की नाही हे डोळ्याच्या अंदाजावर ठरवता येत नाही. जुन्या एकोची सीडी सोबत न्या, कागद नव्हे.

---

कोकणी_माणूस

सीडी आहे. आणि यंदा पुन्हा फ्लू होऊ नये म्हणून? लशीचा या वयात काही उपयोग असतो का, की नुसतं सुईचं दुखणं?

---

स्टेथोवाला

असतो. ॲटॅक आल्यावर रुग्णालयातच फ्लूची लस देऊन पाहिलेला एक मोठा प्रयोग २०२१ मध्ये छापला, आठ देशांतले अडीच हजारांवर पेशंट, त्यात बांगलादेशही होता. वर्षभरात मृत्यू, पुन्हा ॲटॅक किंवा स्टेंट बंद पडणं हे लस घेतलेल्यांत ५.३ टक्के, मिठाचं पाणी टोचलेल्यांत ७.२ टक्के. स्वस्त सुईसाठी हा फरक मोठा आहे.

आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून लस एप्रिल-मेमध्ये घ्यावी. यंदा ती वेळ टळली असली तरी आता घेतली तर चालेल, अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. दरवर्षी घ्यावी लागते, विषाणू कपडे बदलतो. वीज जाते तिथे केमिस्टकडे फ्रीजला इन्व्हर्टर आहे का ते बघून घ्या आणि बर्फाच्या डब्यातून थेट दवाखान्यात न्या. न्यूमोकोकलचंही (न्यूमोनियाची लस) त्याच फेरीत विचारून ठेवा.

---

कोकणी_माणूस

दापोलीत एका ठिकाणी इन्व्हर्टर आहे. सोमवारी नेतो तिला. सीडी पण घेतो.